यादवी, शापाविना

पोंभुर्ण्याच्या पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. तिथे पोलिसांच्या सी-६० पथकात आणि नक्षल्यांच्या दलमांत, दोन्हीकडे स्थानिक आदिवासी तरुण उभे राहिले. या काठावर राहून मी लॅटिन कवी ल्यूकन (इ.स. ३९-६५) याचे सीझर-पाँपी युद्धावरचे महाकाव्य अनुवादातून वाचले.

‘यादवी’ हा आपला शब्द यादवांच्या संहारावरून आला. मौसलपर्वात ते एकमेकांना मारतात. पण त्यामागे ऋषींचा आणि गांधारीचा शाप आहे. ल्यूकनने असा आधार ठेवला नाही. होमर-व्हर्जिलचे रणात उतरणारे देव त्याने काढून टाकले. शकुन आहेत, भाकिते आहेत. पण युद्ध चालवतात ती माणसेच.

चौथ्या सर्गातला स्पेनमधील इलेर्डाचा प्रसंग पाहावा. साल इ.स.पू. ४९. दोन्ही छावण्यांतले सैनिक एकमेकांना ओळखतात, मिठ्या मारतात, एकत्र जेवतात. मग पाँपीचा सेनानी पेट्रेयस येतो, निष्ठेची आठवण करून देतो आणि त्याच पाहुण्यांची कत्तल घडवतो.

ल्यूकनवर भडकपणाचा आरोप होतो. तो खोटा नाही. पण इथे त्या भडकपणाला नैतिक कारण आहे. ओळख पटल्यावर झालेली हत्या कुणाच्या नशिबावर ढकलता येत नाही.

नीरोविरुद्धच्या कटात सापडून हा कवी पंचविशीतच गेला. दहावा सर्ग अपुरा राहिला; समेटापर्यंत काव्य पोहोचतच नाही. वैनगंगेकाठी ते वाचताना शापाचे निमित्त हाताशी लागत नाही. आज्ञा कुणी दिली, हे विचारावेच लागते.