हाताआडचा दिवा: हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’

‘दिवा अगदी खरा वाटतो!’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं (१८८२–१९६८) ‘ग्लो ऑफ होप’ बघून आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे म्हणतो. कौतुक म्हणून ठीक आहे, पण समीक्षा म्हणून मला हे वाक्य आळशी वाटतं. खरा वाटतो तो कशामुळे?

चित्र आठवून बघा. एका हातात दिवा धरलेली बाई, दुसरा हात ज्योतीच्या आड. म्हणजे ज्या दिव्याचं आपण कौतुक करतो त्याची ज्योत आपल्याला दिसतच नाही! दिसतात त्या उजळलेल्या बोटांच्या कडा, चेहरा, साडी. मला हीच चित्रातली सगळ्यात हुशार जागा वाटते. हे जलरंगातलं काम. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे रंगाखालचा कागद, आणि कागद ज्योतीइतका कधीच तेजस्वी होत नाही. जे जमणारच नाही ते हळदणकरांनी हाताआड ठेवलं आणि फक्त त्याचा परिणाम रंगवला.

मैंदर्गीत घरी लाइट गेली की हे करून बघता येतं. ज्योतीपुढे हात धरा, बोटांच्या कडा तांबूस होतात. रक्त हिरवा-निळा प्रकाश जास्त शोषून घेतं, लाल पार जातो. फ्रान्सच्या जॉर्ज द ला तूरनेही १७ व्या शतकात मेणबत्तीपुढची अशीच बोटं रंगवली, पण तैलरंगात. तिथे अंधारावर उजेड नंतरही चढवता येतो. जलरंगात उलटं: उजेडाची जागा आधीपासून राखायची आणि भोवती काळोख थरावर थर चढवत न्यायचा. चुकलं तर पूर्ण पुसता येत नाही. खरी मेहनत त्या काळोखात आहे.

आता अडचण. हे चित्र अंधार केलेल्या जागेत लावलंय. मग चमक किती चित्रकाराची आणि किती मांडणीची? आपल्या भाषेत, दोन व्हेरिएबल एकत्र झालेत. मोबाइलवर बघून ठरवू नका, स्क्रीन स्वतःच उजेड टाकते. छापील प्रत दिवसाउजेडी बघा. चमक कमी होते, पण उरते. जी उरते ती छटांच्या उतरणीची, म्हणून श्रेय हळदणकरांनाच.

पण श्रेयाचाच घोळ आहे. हे चित्र सर्रास राजा रविवर्म्यांच्या नावावर खपवलं जातं. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. चित्रासाठी उभ्या राहिलेल्या हळदणकरांच्या कन्या गीता उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात १०२ व्या वर्षी वारल्या. वजाबाकी करा: मॉडेलचा जन्मच रविवर्म्यांनंतर सुमारे दहा वर्षांनी! चित्राचं साल (१९४५–४६ सांगतात) बाजूला ठेवलं तरी दावा पडतो. सावंतवाडीहून येऊन १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढणाऱ्या माणसाचं नाव आपण एका फॉरवर्डपायी घालवतो, याचा मला राग येतो.

एक तक्रार मात्र चित्राबद्दलही आहे, नावाची. ‘आशा’ वगैरे चित्रात कुठेच नाही. एक बाई वाऱ्यापासून ज्योत जपतेय, बस. मला तेवढंच पुरलं असतं.