काळाच्या पुढची कोणी नसते

गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांच्या मलपृष्ठांवर एक शब्दप्रयोग इतक्यांदा वाचला आहे की तो दिसताच पुस्तक उघडण्याआधी माझे डोके तापते. 'काळाच्या पुढची स्त्री'. नायिका मोटार चालवते म्हणून काळाच्या पुढची. नवऱ्याचे घर सोडते म्हणून काळाच्या पुढची. प्रेत पाहून तिला घेरी येत नाही, एवढ्यावरही काळाच्या पुढची. परीक्षणे लिहिणारेही हेच शब्द उचलतात आणि वाचकही ते कौतुकाने पुढे देतात. हा शब्दप्रयोग निव्वळ निष्काळजी असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्यातून एक वाङ्मयीन चूक रुजते आहे आणि ती एका चांगल्या वाङ्मयप्रकाराला आतून पोखरते आहे.

याच पावसाळ्यात सुजाता मॅसीच्या परवीन मिस्त्री मालिकेच्या चार कादंबऱ्या मी ओळीने पुन्हा वाचल्या. 'द विडोज ऑफ मलबार हिल' (2018), 'द सातापूर मूनस्टोन' (2019), 'द बॉम्बे प्रिन्स' (2021) आणि 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस' (2023). पहिले पुस्तक आपल्याकडे 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने आले. दुसऱ्या वाचनात खून कोणी केला हे ठाऊक असते, त्यामुळे कौल नीट लागतो. माझा कौल असा की स्वतंत्र स्त्री गुप्तहेर इतिहासात कशी उभी करावी याचा आज सगळ्यात चांगला धडा या मालिकेत आहे. कारण परवीन काळाच्या पुढे नाही. ती काळात गळ्यापर्यंत बुडालेली आहे.

पहिल्या कादंबरीची रचनाच पाहा. साल 1921. परवीन फोर्टमधल्या वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर म्हणून काम करते. ऑक्सफर्डला शिकली आहे, पण कोर्टात उभी राहू शकत नाही. स्त्रियांना वकिलीचे दार उघडणारा कायदा हिंदुस्थानात 1923 साली झाला, म्हणजे अजून दोन वर्षे आहेत. मलबार हिलवर एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. मेहेरचे (लग्नात नवऱ्याकडून ठरलेल्या देण्याचे) हक्क धर्मादाय वक्फला सोडून देत असल्याचे त्यांनी म्हणे लिहून दिले आहे. कागदावरच्या सह्या पाहून परवीनला शंका येते. आपण काय सोडतो आहोत हे या बायकांना कोणी समजावले आहे का? तिच्या वडिलांना हा प्रश्न विचारायला त्या घरात जाता येत नाही, पोलिसांना येत नाही, न्यायाधीशालाही येत नाही. तिला येते. जाळीपलीकडच्या बाईशी बोलू शकेल अशी कायदा जाणणारी व्यक्ती साऱ्या मुंबईत ती एकटीच आहे.

सगळी गोम इथे आहे. जी भिंत बायकांना कोंडते तीच भिंत या एका बाईला धंदा देते. तिचे तपासकौशल्य तिच्या बंधनातून निघते. पडदा काढून टाका, कादंबरी कोसळते. 'सातापूर'मध्येही हेच सूत्र. सह्याद्रीतले एक काल्पनिक संस्थान, पडद्यातल्या दोन राण्या, बालराजाने कुठे शिकावे यावरून त्यांच्यात तेढ, आणि कोल्हापूर एजन्सीच्या गोऱ्या अंमलदाराला जनानखान्यात पाऊल टाकता येत नाही म्हणून परवीनला बोलावणे. साम्राज्याला तिची गरज तिच्या हुशारीमुळे पडत नाही, तिच्या बाईपणामुळे पडते. हे तिला कळते, बोचते, आणि तरी ती काम घेते.

दुसरा पदर अधिक कठोर आहे. परवीनचे लग्न झालेले आहे. कलकत्त्याच्या सायरस सोडावालाच्या प्रेमात पडून ती सासरी गेली. तिथे विटाळशी असताना एका कोंदट खोलीत कोंडून घेणे, नवऱ्याची मारहाण, त्याने बाहेरून आणलेला रोग, हे सारे वाट्याला आले. ती कोर्टात गेली. तेव्हा पारशांना 1865 चा विवाह व घटस्फोट कायदा लागू होता. त्यानुसार नवऱ्याचे वेश्येकडे जाणे बायकोला घटस्फोट मिळवून द्यायला पुरे पडत नव्हते. परवीनला मिळतो तो न्यायालयीन विभक्तपणा. सासर सुटते, लग्न सुटत नाही. ना पुनर्विवाह, ना उघड प्रेम. पुढच्या प्रत्येक पुस्तकात तिच्याकडे कोणी पुरुष आपुलकीने पाहतो तेव्हा तो 1865 चा कायदा मधे येऊन बसतो. कायद्याचे कलम कथानकाच्या कण्यासारखे वापरणे म्हणजे काय, हे इथे शिकावे.

आणि चौथे पुस्तक. सुनंदा नावाच्या एका आयेला गर्भपात केल्याच्या आरोपावरून अटक होते. भारतीय दंडविधानाच्या 312 व्या कलमात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा गुन्हेगार धरली होती. शहरातले धनिक स्त्रियांच्या इस्पितळासाठी देणग्या गोळा करत असताना एका आयेचे पोट पुरावा ठरते. इथे मॅसी रहस्याच्या गाठी थोड्या ढिल्या सोडते, पण मला त्याची खंत नाही. गुन्हा कोणी केला यापेक्षा गुन्हा कशाला म्हणायचे, हा प्रश्न तिने ऐरणीवर घेतला आहे.

आता बाकीच्यांकडे वळतो. केरी ग्रीनवुडची फ्रायनी फिशर 1920 च्या दशकातल्या मेलबर्नमध्ये पिस्तूल आणि भारी मोटार घेऊन हिंडते. वाचायला गंमत येते, पण तिचे स्वातंत्र्य वारशाच्या पैशातून आले आहे आणि त्याची किंमत ती कुठेच मोजत नाही. एनोला होम्स तर थोरल्या भावाच्या सावलीत उभे केलेले आजचेच पोर. हरिणी नागेंद्रची बंगळुरूची कावेरी गोड आहे आणि तिचा नवरा इतका समजूतदार की ओरखडा उठत नाही. वसीम खानची पर्सिस वाडिया, 1950 च्या आसपासच्या मुंबईची पहिली स्त्री पोलीस अधिकारी, सुरुवातीला खरी वाटते, पण लेखकाला कूटलेखांचा मोह आवरत नाही. जॅकलिन विन्स्पियरच्या मेझी डॉब्सला मात्र मी मान देतो. पहिल्या महायुद्धातल्या परिचारिकेच्या हातून जखमा सुटत नाहीत आणि युद्ध संपूनही संपत नाही, हे तिच्या प्रत्येक तपासात आहे.

पीटर ट्रेमेनच्या सिस्टर फिडेल्माचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करायला हवा. सातव्या शतकातल्या आयर्लंडची ही जोगीण तिथल्या ब्रेहन कायद्याची अधिकृत वकील आहे, आणि तिचा अधिकार तिच्या समाजाला मान्य आहे. म्हणजे जितके मागे जावे तितका बाईभोवती काळोख दाट, हे गृहीतच चुकीचे. काळ ही एका दिशेने धावणारी आगगाडी नाही की कोणी पुढच्या डब्यात आणि कोणी मागच्या डब्यात बसावे.

मॅसीलाही सूट देण्याचे कारण नाही. परवीनची मते फार स्वच्छ आहेत. जातीबद्दल, साम्राज्याबद्दल, मैत्रीण अ‍ॅलिसच्या स्त्रियांवरच्या प्रेमाबद्दल ती नेमके तेच मानते जे आजच्या सुशिक्षित वाचकाला मानावेसे वाटते. 'बॉम्बे प्रिन्स'मध्ये 17 नोव्हेंबर 1921 चा दिवस येतो. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरतो, शहरात दंगल पेटते, स्वागताला गेलेले पारशी रस्त्यावर मार खातात. त्या आगीत एका पारशी बाईच्या मनात काय काय उसळले असेल! परवीन मात्र दोन्ही बाजू समजून घेते आणि फार लवकर समजून घेते. आणखी एक. या मुंबईत फोर्ट आहे, मलबार हिल आहे, दादर पारशी कॉलनी आहे, पण गिरणगाव कडेला राहते. ज्या गिरण्यांच्या पैशावर मलबार हिलचा बंगला उभा आहे, त्या गिरण्यांच्या चाळीतल्या मराठी बाईचा आवाज मालिकेच्या मध्यभागी येत नाही.

परवीन ज्यांच्यावरून सुचली त्या खऱ्या बायका इतक्या स्वच्छ नव्हत्या. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशकात जन्मली, पुण्यात शिकली, 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. 1904 पासून ती बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी पडदानशीन बायकांच्या मिळकतींचे काम पाहत होती. आणि हीच बाई ब्रिटिश राजवटीची कट्टर पाठीराखी होती, गांधींच्या विरोधात होती. तिला 'काळाच्या पुढची' म्हणाल तर कोणत्या पुढची? आमच्या आजच्या मतांपर्यंत ती पोचत नाही, मग ती मागची का? हे मापच खोटे आहे. ती तिच्या काळात होती आणि त्या काळाने दिलेल्या फटींतून ती आत शिरली.

या फटीची जाण आपल्या बायकांनाही होती. 1882 साली हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका मागितल्या. 1883 साली सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाई जोशींनी आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले, तेव्हाही मुद्दा हाच होता. बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून बाईने डॉक्टर व्हायचे. कोंडलेल्या खोलीच्या दारातूनच त्यांनी व्यवसायाचा रस्ता काढला. मॅसीची परवीन जाळीपाशी बसते तेव्हा ती याच परंपरेत बसते.

आणि रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला जाण्यास नकार, दादाजी भिकाजीने मुंबईच्या हायकोर्टात केलेला दावा. 1885 साली न्यायमूर्ती पिनी तिच्या बाजूने निकाल देतात. अपिलात तो फिरतो. 1887 साली दुसरा न्यायमूर्ती सांगतो, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगाची तयारी दाखवते. टिळक तिच्या विरोधात लिहितात, समाजसुधारक मलबारी तिच्या बाजूने. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड होते आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होते. या सगळ्यात पुढे कोण आणि मागे कोण? पिनी, टिळक, मलबारी, दादाजी, रखमाबाई ही सारी माणसे एकाच वर्षी एकाच शहराची वर्तमानपत्रे वाचत होती. काळ म्हणजे त्यांचे भांडण. त्या भांडणात रखमाबाई एक पक्ष होती. तिला त्यातून उचलून 'पुढे' नेऊन ठेवलेत की तिच्या विरोधकांना तुम्ही 'काळ' हे नाव देता, म्हणजे सारा काळच त्यांच्या मालकीचा करून टाकता. माझा राग याच गोष्टीवर आहे. हा गौरव नव्हे. ही हद्दपारी आहे.

म्हणून आता मराठी लेखकांना विचारतो. रखमाबाईचा खटला आपला. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली. त्या खटल्यावर पुण्याच्या वर्तमानपत्रांनी बायकांवर जे तोंडसुख घेतले त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ते उत्तरही आपले. 1863 सालचे फुल्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह आपले. गुन्हा, पुरावा, साक्षीदार, निकाल, सारे तयार आहे. मग बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या भाषेत अशी एक मालिका का नसावी, जिच्यात एकोणिसाव्या शतकातली बाई शोध घेते?

कारण आपण ऐतिहासिक कादंबरी दरबारात ठेवली आणि रहस्यकथा रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर. 'स्वामी'पासून 'पानिपत'पर्यंत आपल्याला पेशवे दिसतात, वाड्याचे माजघर दिसते ते बहुधा निरोपाच्या प्रसंगी. अर्नाळकरांच्या झुंजारने गुन्हे शोधले, पण ते सालाशिवायच्या शहरात. दोन्ही वाटा कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. आता भेटायला हव्यात. नायिका शोधायला विलायतेला जायची गरज नाही. लाल आलवणातली सोवळी विधवा, जी चार घरी स्वयंपाकाला जाते, जिच्याकडे कोणी पाहत नाही आणि जिच्यासमोर सगळे बोलतात. बाळंतपणे करणारी सुईण, जिला कोणते मूल कोणत्या महिन्यात जन्मले हे पक्के ठाऊक असते. कोर्टातल्या दुभाष्याच्या घरी राहणारी त्याची शिकलेली बहीण. या बायकांना जे ठाऊक आहे ते फौजदाराला कधीच कळणार नाही, आणि ठाऊक असलेले उघड बोलण्याची त्यांना बंदी आहे. याहून ताणलेली रहस्यकथा कुठली?

अट एकच. त्यांना पिस्तूल देऊ नका, आमची मते देऊ नका, निकालाच्या दिवशी टाळ्या देऊ नका. त्यांना द्या फक्त त्यांचे साल, त्या सालचा कायदा आणि त्या कायद्यातली फट. परवीन मिस्त्री चौथ्या पुस्तकाअखेर 1922 मध्ये आहे. पारशी घटस्फोटाचा कायदा बदलला 1936 साली. आपल्याला ते वर्ष माहीत आहे, तिला नाही. रोज सकाळी ती फोर्टमधल्या पेढीत येते, टेबलावरचे कागद उघडते आणि आज जेवढा कायदा आहे तेवढ्यातच अशिलाला सोडवायची वाट शोधत बसते.