ध्वनिमुद्रिका आणि अभिरुचीची घडण : भीमसेन जोशी व कुमार गंधर्व यांच्या संदर्भात

संगीतविषयक अभिरुची कशी घडते या प्रश्नाचा विचार करताना गुरू, घराणे आणि मैफल या तीन संस्कारस्थानांचा निर्देश नेहमी केला जातो. ध्वनिमुद्रिका हे चौथे संस्कारस्थान होय. परंतु तिचा उल्लेख बहुधा आठवणींच्या ओघात येतो आणि तेथेच संपतो. एखाद्या गायकाने बालपणी अमुक तबकडी ऐकली व तो भारावून गेला, एवढे सांगितले की चरित्रकाराचे काम भागते. समीक्षकाचे भागत नाही. त्या तबकडीने नेमके काय दिले, काय देणे तिला शक्यच नव्हते, आणि जे मिळाले त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न त्याच्यापुढे उभेच राहतात. विसाव्या शतकातील दोन श्रेष्ठ गायकांच्या उदाहरणांवरून या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम साधनाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गोहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हापासून सुमारे अर्धशतकभर हिंदुस्थानी गायकाला तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन ते चार मिनिटांचा अवकाश मिळत असे. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण येईपर्यंत त्याला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्यामुळे आवाजातील सूक्ष्म चढउतार फारसे उमटत नसत. ख्यालाची बढत ही मुळात काळ मागणारी गोष्ट आहे. तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे त्याचा संक्षेप करणे नव्हे, तर त्याला निराळी रचना देणे होय. मुखडा, दोनचार नेमक्या आलापी, एखादी तान आणि समेवर समाप्ती, असा एक घाट या गरजेतून तयार झाला. तबकडीतून ऐकणाऱ्यास मिळे ते या घाटात बसलेले गाणे; ते ज्या विचारप्रक्रियेतून निष्पन्न झाले ती प्रक्रिया मात्र कानांआडच राही.

या उणिवेबरोबर एक विलक्षण सामर्थ्यही होते. मैफलीतील हरकत एकदा निसटली की निसटली. तबकडीवरील हरकत तशीच्या तशी शंभर वेळा ऐकता येई. पुनरावृत्तीची ही सोय श्रोत्याला इतिहासात प्रथमच लाभली. तीमुळे कानाला एक नवे वळण लागले. तपशील पाठ होऊ लागला, स्वराचा लगाव, श्वासाची जागा, शब्दाचा उच्चार हे सारे स्मरणात कोरले जाऊ लागले. अभिरुचीवर ध्वनिमुद्रिकेचा जो ठसा दिसतो तो या गुणातून आला आहे.

भीमसेन जोशी यांचे उदाहरण सुपरिचित आहे. १९२२ साली जन्मलेल्या या मुलाने गदगमध्ये अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि तशा गाण्याच्या ध्यासाने १९३३ साली घर सोडले, ही हकीकत त्यांनी स्वतः वेळोवेळी सांगितली आहे. या हकीकतीतील घर सोडण्याच्या नाट्याकडे लक्ष वेधले जाते. तिच्यातील संगीतविषयक आशय दुर्लक्षित राहतो. ज्या मुलाला तबकडी पुरेशी वाटली असती तो घरी बसून ती पाठ करीत राहिला असता. भीमसेन निघाले, याचाच अर्थ त्या तीन मिनिटांत जे नव्हते त्याची जाणीव त्या तीन मिनिटांनीच त्यांना करून दिली. ग्वाल्हेर, जालंदर असा दूरचा प्रवास करून ते अखेर गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे आले. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँचेच शिष्य होते. म्हणजे तबकडीने ज्याची तहान लावली तेच गाणे त्यांना गुरुमुखातून, दीर्घ मेहनतीने, मिळाले.

या उदाहरणात ध्वनिमुद्रिकेने शिकविले नाही. तिने दिशा दाखविली. परंतु दिशा दाखविणे ही गौण गोष्ट मानता येत नाही. अब्दुल करीम खाँच्या जोगियातील ठुमरीची तबकडी आणि तीच ठुमरी पुढे भीमसेनांनी ध्वनिमुद्रित केली ती, ही दोन्ही ऐकली असता हे स्पष्ट होते. मूळच्या बारीक, टोकदार आणि किंचित सानुनासिक आवाजाच्या जागी येथे भरदार, घुमारा असलेला आवाज आहे. विस्तारही अधिक मोकळा आहे. तरीही स्वर आतल्या आत वेदनेने ताणून धरण्याची जी रीत आहे ती तीच. आवाजाची नक्कल गळून पडली आणि स्वराविषयीची श्रद्धा तेवढी शिल्लक राहिली. केसरबाई केरकर, अमीर खाँ यांच्या गाण्यातूनही भीमसेनांनी पुष्कळ घेतले. पण ते ज्या पायावर घेतले तो पाया कानाने लहानपणीच घातला होता, असे म्हणणे प्राप्त आहे.

कुमार गंधर्व यांचे उदाहरण याच्या नेमके उलट दिशेने सुरू होते. १९२४ साली बेळगावनजीक सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ हे मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या तंतोतंत गाऊन दाखविणारा अद्भुत बालक म्हणून प्रसिद्धीस आले. १९३६ साली मुंबईतील जिना हॉलमध्ये त्यांनी श्रोत्यांना थक्क केले तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. येथे तबकडी हीच संहिता होती आणि ती मुखोद्गत होती. भीमसेनांना तबकडीतील उणीव प्रेरक ठरली; कुमारांच्या बाबतीत तिची परिपूर्णताच संकट होऊन बसली. इतरांचे पूर्ण झालेले गाणे ज्याला सहज साधते त्याला स्वतःचे अपूर्ण गाणे आरंभण्याचे कारण काय उरते? अशी बालके पुढे विझून गेल्याची उदाहरणे प्रत्येक कलेत आढळतात.

प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे कुमारांचे झालेले शिक्षण या दृष्टीने निर्णायक ठरले. पलुस्कर परंपरेतील असूनही देवधरांची वृत्ती एका घराण्याला जखडलेली नव्हती. जे गाणे आधी केवळ कानात साठले होते त्याची कारणमीमांसा येथे होऊ लागली. पुढे क्षयाच्या आजारामुळे कुमार १९४८ साली देवासला गेले आणि काही वर्षे गायन सक्तीने बंद राहिले. त्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि त्यांतून धुनउगम रागांची कल्पना आकाराला आली. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात तिचे फळ दिसते. तबकडीमुळे जो कान तपशिलाला सरावला होता तोच कान ज्या गाण्याची तबकडी नव्हती अशा गाण्याकडे वळला, असा या घटनेचा अर्थ लावता येतो. अनुकरणाची शक्ती येथे निरीक्षणाची शक्ती झाली.

या परिवर्तनाचा सर्वांत बोलका पुरावा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम व त्याचे ध्वनिमुद्रण हा होय. बालगंधर्वांची पदे तबकड्यांवरून घरोघर पोहोचली होती आणि अनेक पिढ्यांचे कान त्यांवर पोसले होते. लहानपणी कोणाचीही तबकडी हुबेहूब वठविणाऱ्या गायकाने प्रौढपणी हुबेहूबपणा बाजूस ठेवला आणि शीर्षकात ‘उमजलेले’ हा शब्द योजला. आवाज कुमारांचाच आहे. लयीशी लडिवाळपणे खेळत शब्द टाकण्याची बालगंधर्वांची दृष्टी मात्र तेथे उकलून दाखविली आहे. गायनाच्याच माध्यमातून केलेली ही समीक्षा आहे. आवडीपासून आकलनापर्यंतचा प्रवास एवढ्या स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच दिसतो.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. ज्याच्या तबकड्या निघाल्या त्याचाच संस्कार पुढील पिढ्यांवर झाला. ज्याच्या निघाल्या नाहीत तो केवळ कीर्तिरूपाने उरला. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, त्यांचेही नाही. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी करताना किराण्याला स्वराच्या टोकाशी ठेवले आहे. ही मांडणी स्वीकारली तर आणखी एक निष्कर्ष निघतो. स्वराचा लगाव तीन मिनिटांतही प्रत्ययास येतो. आवर्तनामागून आवर्तन रचत जाणाऱ्या गायकीचे मर्म मात्र तेवढ्यात हाती लागत नाही. केसरबाईंच्या छोट्या तबकड्या सुंदर आहेत, परंतु मैफलीतील केसरबाईंची कल्पना त्यांवरून पुरती येणे कठीण. तेव्हा ध्वनिमुद्रिका हा निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. काही सौंदर्यांना ती अनुकूल आहे, काहींना प्रतिकूल. आणि तिच्यावर पोसलेल्या अभिरुचीत हा पक्षपात नकळत उतरतो. फैयाज खाँसारख्या आग्रा घराण्याच्या गायकाचीही तबकडी लोकप्रिय झाली हे खरे. म्हणून हा नियम निरपवाद मानू नये. परंतु प्रवृत्ती म्हणून तो नाकारताही येणार नाही.

१९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी अवतरली आणि पुढे ती येथेही रुळल्यावर एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळू लागला; त्यानंतरच्या साधनांनी काळाची अडचण जवळजवळ संपविली. आज हवे ते गाणे हवे तेव्हा, संपूर्ण, ऐकता येते. तथापि या विपुलतेत एक गोष्ट हरवण्याचा धोका आहे. गदगच्या मुलाने एकच ठुमरी पुन्हा पुन्हा ऐकली होती. तिच्या अपुरेपणाने त्याला गुरूच्या शोधात धाडले. जेथे काहीच अपुरे भासत नाही तेथे शोधही सुरू होत नाही.

वरील विवेचनावरून अभिरुचीच्या अभ्यासकासाठी एक भेद निष्पन्न होतो. बालपणीच्या ध्वनिमुद्रिकेचा प्रभाव मोजताना गायकाने तिच्यातून काय उचलले एवढेच पाहणे पुरेसे नाही. तिच्यातील काय त्याने पुढे सोडले, हेही पाहिले पाहिजे. भीमसेनांनी आवाजाचा पोत सोडला व स्वराची तळमळ ठेवली. कुमारांनी हुबेहूबपणा सोडला व तपशिलाची नजर ठेवली. संस्कार आणि सवय यांतील अंतर या त्यागावरूनच ओळखता येते. ज्या श्रोत्याची आवड पहिल्या तबकडीपाशीच थांबली त्याला सवय लागली. ज्याची तेथून निघाली त्याच्यावर संस्कार झाला.