पैठणीचा पदर कुणी रेखला?

जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपला दिसल्या आणि महाराष्ट्र खवळला. प्राडाने कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर ऋण मान्य केलं. संताप रास्तच होता. पण तोच महाराष्ट्र लग्नसराईत नाशिकच्या दुकानांतून यंत्रावरची सेमी पैठणी येवल्याची समजून घेतो, आणि तिच्यावरची नक्षी मुळात कुणाची, हा प्रश्न ना गिऱ्हाइकाला पडतो, ना डिझायनरला. पैठणीचं कौतुक वाढत असताना मला हेच सलतंय.

डिजिटल छपाईच्या पैठण्यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पैठणीची जॅकेटं आणि पर्सा ही शिवणकामाची हौस. विणीत त्यांनी काडीची भर घातलेली नाही.

खरं काम येवल्यातल्या त्या मागांवर चाललं आहे, जिथे विणकर बांगडी मोर, मुनिया, असावली यांची मांडणी नव्याने करतो. असा पदर उलटा करून बघा. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धाग्याची कांडी), आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले. त्यामुळे मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ. यंत्रावरच्या पदराच्या मागे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. त्यातही जेव्हा विणकर मोरांची दाटी कमी करून मोकळ्या जरीला बोलू देतो, तेव्हा ती स्वतंत्र बुद्धीची रचना असते. मोर परंपरेचा, सगळ्यांचा. ही मांडणी मात्र एका माणसाची. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत ती कुणीतरी बसवलेली असते; तो आलेखकार. वारली चित्रांमुळे जिव्या सोमा म्हशे हे नाव घराघरांत गेलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पैठणीच्या एका तरी आलेखकाराचं नाव तुम्हाला सांगता येईल?

यावर भौगोलिक मानांकनाचं उत्तर पुढे केलं जातं. मानांकन पैठणी या नावाचं रक्षण करतं, नव्या पदराच्या रचनेचं नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मानांकन मिळालं होतं. तरीही प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हते. डिझाइन कायदा, २००० नोंदणीनंतर १० वर्षं आणि वाढवून १५ वर्षं संरक्षण देतो. पण अर्ज करण्याआधी नक्षी लोकांसमोर आली की तिचा नवेपणा संपला. आणि पदर मागावर असतानाच त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो!

म्हणून मी कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ वर भर देतो. डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी पण न नोंदलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा उतरवली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये रितिका विरुद्ध बिबा या दिल्ली उच्च न्यायालयातल्या प्रकरणात तयार कपड्यांच्या डिझाइनचा दावा याच कलमापाशी अडला. तयार कपड्यांच्या कारखान्यात ५० चा आकडा ओलांडायला कितीसा वेळ लागतो? एकेक भरगच्च पैठणी मागावर महिनोन्‌महिने बसते. एका विणकराला तीच रचना ५० वेळा विणायला वर्षानुवर्षं लागतील. चोरून केलेल्या नकला तर या मोजणीत धरल्याच जात नाहीत. ज्या संथपणाबद्दल विणकराची कीव केली जाते, त्याच संथपणामुळे त्याचा हक्क शाबूत राहतो, आणि हे त्याला सांगायला कुणी येत नाही. ना सरकारी खातं, ना डिझाइन शिकवणाऱ्या संस्था, ना पैठणीवर प्रबंध लिहिणारे.

हक्क सिद्ध करायला कागद मात्र लागेल. प्रत्येक आलेखावर काढणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. आलेखकार पगारी नोकर असेल तर कॉपीराइट सहसा मालकाचा होतो. पण कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार आलेखकाराकडेच राहतो. ‘आमचं कलेक्शन’ म्हणून येवल्याचा आलेख स्वतःच्या नावावर खपवणारा डिझायनर हा अधिकार तुडवतो. या खपवण्याला प्रेरणा म्हणणं बंद करा.

पैठणी घेताना बिलावर विणकराचं आणि आलेखकाराचं, दोघांचं नाव लिहून मागा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल, तर ती पैठणी घेऊ नका.