अरण्यात गेलेला मुलगा

काही पुस्तके वाचताना आपण लेखकाशी भांडत नाही, नायकाशी भांडतो. जॉन क्राकौअर यांचे १९९६ साली प्रसिद्ध झालेले ‘इन्टू द वाइल्ड’ हे त्यांपैकी एक.

ख्रिस्तोफर मॅककँडलेस हा अमेरिकेतील सुखवस्तू घरातला तरुण. १९९० साली तो पदवीधर झाला, शिलकीतले सुमारे २४,००० डॉलर त्याने दान केले आणि नाव बदलून, घरी पत्ताही न कळवता, तो भटकंतीला निघाला. एप्रिल १९९२ मध्ये थोडे तांदूळ आणि एक रायफल घेऊन तो अलास्काच्या रानात शिरला व एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला. जुलैत परत फिरला, तो वाटेतली नदी फुगलेली! ऑगस्टमध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तो उपासमारीने मेला.

प्रथम वाचले तेव्हा मी चिडलो. जवळ नीट नकाशा असता, तर नदी ओलांडण्याचा तारेवरचा पाळणा त्याला थोड्याच अंतरावर सापडला असता. एवढे शिकून हे अज्ञान? माझा मुलगाही त्या दिवसांत घर सोडण्याच्या गोष्टी करीत असे. तेव्हा माझा राग नेमका कोणावर होता, हे निराळे सांगायला नको.

या रागाला क्राकौअर यांनी चोख उत्तर दिले आहे. आपण स्वतः २३ व्या वर्षी अलास्कातल्या एका दुर्घट शिखरावर एकटेच कसे चढलो, हे ते सांगतात. आपण वाचलो आणि तो मेला, यात शहाणपणापेक्षा दैवाचा भाग मोठा, असा त्यांचा कौल आहे. पुस्तकातला हा सर्वांत प्रामाणिक भाग. आणि सर्वांत हृद्य चित्र त्या एकाकी वृद्धाचे. तो या मुलाला नातू म्हणून दत्तक घेऊ म्हणतो आणि मुलगा ते बोलणे अलास्काहून परतल्यावर करू म्हणून टाळतो.

परक्यांना इतका जीव लावणारा मुलगा घरी एक ओळही का लिहीत नाही? वडिलांच्या पूर्वायुष्यातले एक गुपित आणि मुलाचा हट्टी स्वभाव, एवढ्यावर लेखक थांबतात. मला ते कधीच पुरेसे वाटले नव्हते. पुढे २०१४ साली धाकटी बहीण कॅरिन हिचे ‘द वाइल्ड ट्रूथ’ आले. घरात मारहाण होती, असे तिने त्यात लिहिले. आईवडिलांनी ते नाकारले. क्राकौअर यांना तिने हे पूर्वीच सांगितले होते, पण छापू नका या अटीवर.

त्यांनी शब्द पाळला. माणूस म्हणून ते योग्यच झाले. पुस्तकाचा मात्र मधला खांब त्यामुळे गळाला. १८ वर्षे वाचक त्या मुलाला कधी माथेफिरू तर कधी साधू ठरवीत राहिले. त्या बसच्या यात्रेला निघालेल्या दोन तरुणींना नदीत जलसमाधी मिळाली. अखेर २०२० साली हेलिकॉप्टरने ती बसच उचलून न्यावी लागली.

म्हणून ही दोन पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावीत. पहिले तो कोठे गेला ते सांगते, दुसरे तो कोठून निघाला ते.

माझा मुलगा घर सोडून गेला नाही. पण त्याला का जावेसे वाटले होते, हे मी कधी विचारलेच नाही. या दिवाळीला विचारणार आहे.