सोनखत कोणाच्या डोक्यावर?

वाढत्या शहरांचे काय करायचे, या प्रश्नावर परदेशी विद्यापीठे आणि इथल्या संस्था एकत्र बसल्या की पॅट्रिक गेडीसचे नाव हमखास निघते. त्यामागोमाग इंदूरच्या दिवाळीची गोष्ट निघते. ऐकणारे भारावून जातात. आपण भारावण्यापूर्वी ती गोष्ट नीट तपासली पाहिजे, कारण त्या मिरवणुकीत आपली माणसे चालत होती.

गेडीस स्कॉटलंडचा, मूळचा जीवशास्त्रज्ञ. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून तो १९१४ साली भारतात आला. त्याचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने बुडवले. गड्याने नवे प्रदर्शन जमवले आणि गावोगाव हिंडून शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचा तो पहिला प्राध्यापक. गोविंद सदाशिव घुर्ये यांना इंग्लंडला पाठवण्यासाठी निवडले तेही त्यानेच. शहराच्या अभ्यासात परदेशी विद्वत्तेची आणि भारतीय विद्यापीठाची जी सोयरीक आज सर्रास दिसते, तिचे पहिले मोठे उदाहरण हेच.

होळकर दरबारासाठी लिहिलेला त्याचा दोन खंडांचा इंदूर अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी प्लेगच्या भीतीने शहरसुधारणेचा एकच मार्ग माहीत होता : दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि आड येईल ते घर पाडायचे. मुंबईत १८९८ सालच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हेच केले. गेडीसने या पाडापाडीला ठाम विरोध केला. गल्लीबोळ पायाखाली घालून, घरन् घर पाहून, नडणारी चार पडकी घरे काढा, मोकळ्या जागेत झाड लावा, बाकीची वस्ती जगू द्या, असे त्याचे म्हणणे. याबाबतीत त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. गरिबाचे घर पाडणे म्हणजेच सुधारणा, असे मानणाऱ्यांचे राज्य अजून संपलेले नाही.

आता ती मिरवणूक. त्याचे चरित्रकार सांगतात ते असे : प्लेगने धास्तावलेल्या इंदुरात गेडीसने महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न नेता, ज्या रस्त्यांवरची घरे जास्त स्वच्छ होतील त्या वाटेने नेण्याचे जाहीर केले. शहर झाडूनपुसून निघाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता. आणि शहरातले सफाई कामगार होते : पांढऱ्या नव्या कपड्यांत, डोक्याला पागोटी, झाडूंना फुलांच्या माळा. शेवटी लोकांना तुळशीची रोपे वाटली.

दृश्य देखणे आहे, शंका नाही. पण समीक्षकाने दुसऱ्या दिवसाचे विचारावे. माळ सुकल्यावर झाडू कोणाच्या हातात होता? ज्याच्या हातात आदल्या दिवशी होता त्याच्याच. त्याच्या मुलाच्या हातातून तो सुटावा, अशी त्या उत्सवात कसलीच तरतूद नव्हती. उलट, कामाला फुले वाहिली की काम पवित्र ठरते, आणि पवित्र काम सोडण्याची भाषा कोण करणार? हा गौरव आपल्या परिचयाचा आहे. पुढे ‘हरिजन’ या नावाने तो साऱ्या देशाला वाटण्यात आला. आणि ती तुळस! ज्यांच्या सावलीचा विटाळ तुळशीवृंदावनाला होत होता, त्यांच्याच मिरवणुकीच्या शेवटी तुळस वाटावी, यातला विरोध त्या चतुर निरीक्षकाच्या ध्यानात आला नसेल काय?

मिरवणूक हा तरी एका दिवसाचा खेळ होता. खरी मेख अहवालातल्या मैलापाण्याच्या विचारात आहे. इंजिनिअरांनी सुचवलेली जमिनीखालची गटारे गेडीसला फार खर्चिक वाटली. मैला नदीत सोडण्यापेक्षा तो मातीत जावा, त्यावर बागा फुलाव्यात, असे त्याचे मत. आज पर्यावरणाचे अभ्यासक या विचाराने हरखून जातात, आणि निसर्गाच्या हिशेबाने तो चूकही नाही. शेतकरी सोनखत म्हणतो ते उगाच नव्हे.

पण सोनखत आपल्या पायांनी शेतात चालत जात नाही. संडासातून टोपलीत, टोपलीतून डोक्यावर, डोक्यावरून गाडीत, असा त्याचा प्रवास. गटार महाग पडते कशाच्या तुलनेत? जन्माने बांधलेल्या माणसाच्या जवळजवळ फुकट श्रमाच्या तुलनेत. या देशात गटाराऐवजी जात होती, म्हणून गटार चैनीचे वाटले. दुसरी योजना स्वस्त का पडते, हे त्या जमाखर्चात मांडलेलेच नाही.

असे का व्हावे? गेडीस काही निर्दय माणूस नव्हता. पण तो जीवशास्त्रज्ञ होता आणि शहराकडे सजीव देह म्हणून पाहत होता. देहात प्रत्येक अवयवाचे काम ठरलेले. मोहल्ले, देवळे, तळी, जातवार वस्त्या त्याला युगायुगांच्या सहजीवनाचे सुंदर अवयव वाटले. समाजाला देहाची उपमा आपल्याला नवी नाही. पुरुषसूक्तापासून आपण तिच्या पायाशी आहोत. स्कॉटलंडहून आलेल्या या अभ्यासकाला ती नव्याने सापडली आणि इथल्या उच्चवर्णीयांना तिचे परदेशी प्रशस्तिपत्र मिळाले.

याच सुमारास मुंबईत दुसरा एक प्राध्यापक होता. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी त्याने जातीवर निबंध वाचला होता, आणि जात म्हणजे देहाचा अवयव नव्हे, तर बेटीबंदीने स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, हे मांडले होते. १९१८ च्या अखेरीपासून तो सिडनहॅम कॉलेजात शिकवत होता. परदेशी ज्ञानाशी बाबासाहेबांचीही देवघेव होतीच. पण जे ज्ञान जातीला सुंदर म्हणते त्याच्या वाट्याला नगररचनेचे अध्यासन येते, आणि जातीचे विच्छेदन करणारे ज्ञान समाजसुधारणेच्या कप्प्यात पडते. इंदूर अहवालात मध्य भारतासाठी विद्यापीठाचीही योजना आहे. झाडूवाल्याचा मुलगा त्या विद्यापीठाची पायरी कसा चढेल, याचा आराखडा असता तर मिरवणुकीचा अर्थ बदलला असता.

हा धागा इथे तुटला नाही. गेडीसचे भारतातले लेखन जॅकलिन टिरव्हिट यांनी १९४७ साली संपादित केले. १९५४ साली दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचे घरबांधणीवरचे परिसंवादसत्र झाले, त्याची धुरा त्यांच्याकडेच होती. तिथल्या प्रदर्शनात एक नमुनेदार ग्रामकेंद्र उभारले गेले. ग्रीक नगररचनाकार डॉक्सियाडिस तिथे आले. पुढे त्यांची आणि टिरव्हिट यांची साथ जमली, नियतकालिक निघाले, १९६३ पासून डेलॉस बेटाच्या नावाने जगभरच्या विद्वानांच्या बैठका भरल्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याची जी चिरफाड केली होती, तिला सहा वर्षेही झाली नव्हती. तरी दिल्लीत पाहुण्यांसमोर गाव मांडले ते नमुना म्हणून.

प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की नुसती गटारे बांधून सुटका होत नाही. ती आता शहराशहरांत आहेत. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ चे कायदे आहेत. तरी मॅनहोलमध्ये उतरून गुदमरणारी माणसे बहुतांशी त्याच जातींची. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत वर्षामागून वर्षे पहिला नंबर घेतला. ते शहर पाहायला येणाऱ्या अभ्यासगटांना कचऱ्याचे वजन, गाड्यांच्या फेऱ्या, खताचे उत्पादन यांचे तक्ते मिळतात. त्यांच्या प्रश्नावलीत निदान तीन रकाने वाढायला हवेत : गाडीमागे चालणाऱ्या माणसाची जात कोणती, त्याचा बाप काय काम करत होता, आणि त्याची मुलगी कितवीत शिकते.