तीन सेकंद थांबल्याने मुलं बोलतात का?

मुलांचं श्रवण-भाषण कौशल्य वाढवायचं म्हटलं की आपल्याला परिपाठ आणि वक्तृत्व स्पर्धा आठवतात. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ च्या शोधनिबंधात मात्र रोजच्या तासावर बोट ठेवलं. प्राथमिक शाळेतले विज्ञानाचे तास टेपवर ऐकून त्यांनी मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते! ही वेळ तीन सेकंदांवर गेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली.

‘शिक्षक ऐकून घेत नाहीत’ ही तक्रार त्यांनी मोजता येईल अशी केली, ही या कामाची ताकद.

पण दोन गोष्टी तपासायला हव्यात. एक, थांबणाऱ्या शिक्षकांचे प्रश्नही बदलले. ते कमी आणि विविध झाले. मग परिणाम शांततेचा की प्रश्नांचा? दोन, लांब उत्तर म्हणजे चांगलं उत्तर नव्हे. आणि मुलाने दुसऱ्याचं किती ऐकलं, हे शब्द मोजून कळत नाही.

मी स्वतः सहावीच्या वर्गात विचारलं, ‘याला बाष्पीभवन म्हणतात, हो ना?’ तीन सेकंद थांबले. अख्खा वर्ग सुरात, ‘हो मॅडम!’ चूक माझ्या प्रश्नाची होती. ‘ओली फरशी कशी सुकली असेल?’ म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी बोलली.

म्हणून या विषयावर आराखडा करणार असाल, तर थांबण्याचा वेळ आणि प्रश्नाचा प्रकार हे दोन चल वेगळे ठेवा.